साखर बंद

वार म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पोटात मूल असतं, मुलाला नाळ असते आणि नाळेच्या दुसऱ्या टोकाला वार असते. तांदळाच्या जाड भाकरीएवढी, मऊ, लालभडक. आईच्या पोटाला ती चिकटलेली असते. आईचं रक्त एका बाजूने, मुलाचं दुसऱ्या बाजूने, मध्ये पातळ पडदा. मुलाचं खाणं, पिणं, श्वास, सगळं तिच्यातून जातं. मूल बाहेर आलं की थोड्या वेळाने तीही बाहेर येते, कारण तिचं काम संपलेलं असतं.

मूल आलं की खोलीतले सगळे मुलाकडे धावतात. मागून वार येते तिच्याकडे बघायला मी. पनवेलच्या एका प्रसूतिगृहात मी तीस वर्षांच्या वर मावशी म्हणून काम केलं. वार ट्रेमध्ये घ्यायची, पाण्याखाली धरायची, उलटीपालटी करून बघायची. पूर्ण आली का? एखादा तुकडा आत राहिला तर बाईचं रक्त थांबत नाही. मग काट्यावर ठेवायची, वजन वहीत लिहायचं. मी चौथी शिकले. आकडे लिहायला चौथी पुरते.

लोक विचारतात, किळस येत नव्हती? नाही. मासळी साफ करणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही.

हजारो वारा हातातून गेल्यावर डोळ्यांना कळायला लागतं. विड्या ओढणारीची वार वेगळी, रक्त कमी असलेलीची फिकी. आणि जिला गरोदरपणात साखरेचा आजार असतो तिची वार बहुतेक वेळा जड. सुजल्यासारखी, पाणी धरल्यासारखी, नाळही जाड. पहिल्यांदा मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "बाई, ही बघा केवढी चांगली भरदार वार." बाई म्हणाल्या, "मावशी, भरदार नाही, सुजलेली आहे. मोठी दिसते, पण काम कमी करते. जाड्या माणसाला दम लागतो की नाही, तसं." तेव्हापासून जड वार हातात आली की मला बरं वाटत नाही. आधी मुलाकडे बघते, रडतंय का ते.

बाईंनी मला सोप्या भाषेत सांगितलेलं असं. वार नुसती अन्न पोचवत नाही, ती स्वतःचे काही रस आईच्या रक्तात सोडते. त्या रसांमुळे आईचं शरीर साखर नीट वापरेनासं होतं. बहुतेक बायकांचं शरीर सांभाळून घेतं, काहींचं घेत नाही. मग आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून मुलाकडे जाते. मूल बिचारं ती पचवायला आपलं इन्सुलिन जोरात तयार करतं आणि लठ्ठ होतं. लठ्ठ मुलाला प्राणवायू जास्त लागतो आणि सुजलेली वार तो पुरवू शकत नाही. गोची ही अशी आहे.

पण लठ्ठ मुलाचं कौतुक आपल्याकडे किती! रोडपालीच्या एका बाईला चार किलो सहाशेचा मुलगा झाला. आजोबांनी पेढ्यांचे पुडे आणले, वॉर्डातल्या दुसऱ्या बायकांनाही वाटले. मला म्हणाले, "मावशी, पैलवान आहे की नाही?" मी म्हटलं, "पैलवानाचा उजवा हात बघितलात का?" हात लोंबत होता. डोकं आलं आणि खांदा आत अडकला, तेव्हा ओढाताणीत नस दुखावली होती. पुढे व्यायामाने हात बराचसा सुधारला, पण आजोबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पेढ्यांचा पुडा मात्र माझ्याकडे राहिला.

ही साखर कळायला एक सोपी तपासणी असते. पांढरी पूड पाण्यात घालून प्यायची, दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा एकशे चाळीसच्या वर गेला की समजायचं. पण ते पाणी इतकं गोडमिट्ट की बायकांना मळमळतं. एकीच्या नवऱ्याने ग्लास घेतला आणि बायको दोन घोट प्यायल्यावर उरलेलं सगळं स्वतः पिऊन टाकलं. रक्त घ्यायला गेले तर म्हणतो, "तिला होत नव्हतं हो, म्हणून मी संपवलं. वाया कशाला घालवायचं?" मी म्हटलं, "मग सुई पण तुम्हीच टोचून घ्या." तर त्याने खरंच बाही वर केली.

हसायच्या गोष्टी इथपर्यंतच. पुढची दर्शनाची आहे. ती लिहायची म्हणून हा कागद तीनदा पुढे घेतला आणि तीनदा बाजूला ठेवून भांडी घासली.

दर्शना उलव्याच्या बाजूच्या एका गावची सून. विमानतळासाठी त्यांची जमीन गेली, मोबदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर तीन मजली घर उभं राहिलं. सासूने म्हणजे हिराबायने आयुष्यभर भाताची लावणी केलेली. आता करायला काही नाही, म्हणून ती सुनेच्या मागे. नवरा रोशन न्हावा शेवाला कंटेनर ओढणाऱ्या गाड्यांवर सुपरवायझर. चांगली माणसं. वाईट माणसांच्या हातून चूक झाली की लिहायला सोपं जातं.

पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात दर्शनाचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर आला. ओपीडीला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरबाईंनी तिला थोडं इंग्रजी, थोडं मराठी करून सांगितलं आणि तिच्या डोळ्यांत काहीच उतरत नाही हे पाहून मला हाक मारली, "मावशी, यांना जरा तुमच्या भाषेत समजवा."

हे माझं खास काम. बाई दहा वाक्यांत सांगत ते मी दोन शब्दांत सांगायची आणि त्याचा मला गर्व होता. मी दर्शनाला दारापाशी घेतलं आणि म्हटलं, "साखर बंद. कळलं? एक दाणा पोटात जाता कामा नये."

"एक दाणा नाय जाणार मावशी," ती म्हणाली.

हिराबाय मागे उभी होती. "मी हाय ना. डबाच उचलून ठेवतंय माळ्यावर."

मी पुढच्या बाईला हाक मारली. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल.

पुढच्या प्रत्येक खेपेला मी विचारायची, "साखर बंद आहे ना?" आणि ती मान हलवायची. मधले काही आठवडे ती माहेरी गेली, तपासणीला आली नाही. आठवा संपता संपता परत आली तेव्हा आकडा खाली येण्याऐवजी वर गेलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, इन्सुलिन सुरू करू. हिराबाय उखडली. "साखर बंद हाय तिची. सुया कशाला टोचताव पोटुशी बाईला?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मावशी, पथ्य खरंच पाळते का ही?"

मी म्हटलं, "पाळते. मी दर वेळी विचारलंय."

मी अशी साक्ष दिली. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "ठीक आहे, एक आठवडा बघू. पुढच्या सोमवारी पुन्हा रक्त."

सोमवार यायच्या आधी शुक्रवारी ती आली. मूल हलत नव्हतं. कधीपासून? आदल्या दिवशी दुपारपासून. हिराबायने तिला सांगितलं होतं, "पोर मोठा जाला, आता हलायला जागा नाय त्याला." हे गावोगावी सांगतात आणि ते खोटं आहे. जागा कमी झाली तरी मूल हलतं. हलायचं थांबलं की त्याच मिनिटाला निघायचं, जेवण चुलीवर असेल तर तसंच टाकून.

ठोके लागले नाहीत. बाईंनी मशीन पुन्हा फिरवलं, दुसऱ्या मशीनवर नेलं. लागले नाहीत.

मुलगा झाला. तीन किलो नऊशे, गोरा, गालांवर मांस, हाताला वळ्या. झोपलाय म्हटलं तर कोणीही मानलं असतं. मेलेल्या मुलाचंही वजन करायचं असतं, ते मी केलं. मग वार घेतली. काट्यावर नऊशे ग्रॅमच्या वर, एरवी पाचशेच्या आसपास भरते. आतून फुगलेली, मध्ये मध्ये फिकट चट्टे. मी वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा एकदा काट्यावर ठेवली, कारण मला तो आकडा पटला नाही. दुसऱ्यांदाही तोच आला.

वार त्यांच्या चालीप्रमाणे घरच्यांनी मागितली. पूर्वी परसात पुरत, आता परसात फरशी आहे. रोशनने ती आणि मुलगा दोन्ही नेऊन गावाच्या जुन्या जागेत पुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात चादरी बदलत होते. हिराबाय घरून डबा आणि थर्मास घेऊन आली. दर्शना भिंतीकडे तोंड करून पडलेली. हिराबायने चहा ओतला. वास आला आणि माझे हात थांबले.

"हिराबाय, हा चहा कसला?"

"गुलाचा. साखर नाय घातली. तुमी सांगितलाव ना."

"कधीपासून गूळ घालतेस?"

"तवापासूनच की. साखर बंद केली त्या दिवसापासून. पोर अशक्त होईल म्हणून नाचणीची खीर करायची गुल घालून, रोज सकाळी. खोबरं-गुल. शहाळं. चिकू." तिने बोटांवर मोजलं, अभिमानाने. "साखरंचा एक दाणा नाय. इचारा तिला."

दर्शना भिंतीकडे बघतच म्हणाली, "एक दाणा नाय खाल्ला मावशी."

आमच्याकडे गूळ म्हणजे औषध. बाळंतिणीला गूळ, उन्हातून आलेल्याला गूळपाणी, अंगात रक्त नाही तर गूळ. साखर दुकानाची, गूळ घरचा. 'साखर बंद' म्हटल्यावर कोणतीही शहाणी सासू साखर काढून गूळच घालणार. मीही माझ्या सुनेसाठी तेच केलं असतं. रक्ताला मात्र दोन्ही सारखेच. भाकरी, भात, चिकू, सगळ्याची शेवटी तीच साखर होते. हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं. दोन शब्दांत बसत नव्हतं म्हणून.

मी हातातली चादर तशीच घेऊन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावर मी सोपवलं. आकडा वर असताना मी थांबायला नको होतं. चूक माझी जास्त."

"ती तुमची तुम्ही बघा," मी म्हटलं. "माझी मला दिसतेय. घरच्यांना सांगू का?"

"आत्ता? आत्ता सांगून त्या मुलीचं काय होईल? आणि एवढ्याने मूल गेलं असं शंभर टक्के मी तरी सांगू शकत नाही."

मला तेच ऐकायचं होतं. मी गप्प बसले. दर्शना घरी गेली.

त्यानंतर मी सांगायची पद्धत बदलली. घरून एक स्टीलचं ताट आणलं आणि त्यावर तेलरंगाने रेघा मारल्या. अर्धं ताट भाजी, पाव ताट मासळी नाहीतर डाळ, पाव ताटात एक भाकरी किंवा वाटीभर भात, दोन्ही नाही. "गूळ म्हणजे कोण?" मी विचारायची. बाई गप्प राहिली की सांगायची, "साखरेची सख्खी बहीण. एकीला घराबाहेर काढलं तर दुसरीला आत घेऊ नका." एका बाईला पाच मिनिटं लागायची. ओपीडीतल्या बायका कुरकुरायच्या, मी त्यांना म्हणायची, बसा. ताट चांगलं होतं. पण एका घराला ते उशिरा मिळालं.

दीड वर्षाने दर्शना पुन्हा आली, दोन महिने गेलेले. बारीक झाली होती. हिराबाय सोबत होती, पण दोन खुर्च्या सोडून बसलेली. मी रक्तदाब घ्यायला गेले तर हिराबाय मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला सांगत होती, "पयला पोर सोन्यासारखा होता. हिचे पायगुण. हिचे माहेरी पण एकीचा गेलाय असाच."

मी पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा लिहिला. दर्शना समोरच्या भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघत होती. ऐकलं नाही असं दाखवायची तिला सवय झाली होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी पट्टा काढला आणि म्हटलं, "वजन करून घे."

या खेपेला पहिल्याच भेटीत तपासणी, पहिल्याच भेटीत आकडा वर, आणि लगेच इन्सुलिन. हिराबाय सुयांवरून भांडली, पण रोशन म्हणाला, "आये, तू गप ऱ्हा. गेल्या वेळी पण तूच बोल्लीस." ती गप्प राहिली. मी दर्शनाला ताट दिलं. ओपीडीतलं नाही, तिच्यासाठी दुसरं रंगवून. मूल हलायला लागल्यावर जेवण झालं की डाव्या कुशीवर पडून हालचाल मोजायची. तिने चिंचोके घेतले होते. मूल हललं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दोन तासांत दहा व्हायला हवेत.

मी रोज फोन करायची. कामावरून, घरून, बाजारातून. "किती झाले?" "दहा." "किती वेळात?" "पाऊण तास." मग मी कोलंबी घ्यायची. तिने फोन उचलला नाही तर मी कोळणीसमोर उभी राहून पुन्हा लावायची. कोळीण म्हणायची, "मावशे, कोलंबी घेतंस की नातवाचा लगीन ठरवतंस?"

घरात मला बसवत नव्हतं. जेवता जेवता उठून मोबाइल बघायची. माझा मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या हाताखालून इतक्या बायका गेल्या, हिचंच काय एवढं?" मी म्हटलं, "तुझं तू जेव."

सदतिसाव्या आठवड्यात एके दिवशी सकाळी साडेनऊला तिचाच फोन आला. ती कधी करत नसे, मीच करायची. "मावशी, दोन तासांत तीनच."

"ऊठ आणि नीघ."

"आई म्हणतान थोडा गोड पाणी पिऊन बघ, हलंल..."

"फोन तिला दे." हिराबायच्या कानात मी ओरडले, "बाय, गाडीत बस. पाणी गाडीत पाज, गोड नाही, साधं. आत्ता!"

डॉक्टरबाईंना सांगितलं, ऑपरेशनची खोली तयार ठेवली, भूलवाल्यांना बोलावलं. मग मी फाटकाशी गेले. उलव्याहून पनवेलला यायला फार वेळ लागत नाही, पण मध्ये कंटेनरची रांग लागली की देवही खाली उतरून चालत येईल. वीस मिनिटं. अर्धा तास. मी फाटकापासून औषधाच्या दुकानापर्यंत जायची, परत यायची. वॉचमन म्हणाला, "मावशी, बसा ना." मी त्याला काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

फोन लावला. दर्शनाने उचलला. "अडकलोय. सगला कंटेनरच हाय पुढे. हे उतरून पुढे गेलेत."

रोशन गाडीतून उतरून रांगेतल्या एकेका ट्रेलरच्या केबिनवर थापा मारत चालला होता. त्यातले निम्मे ड्रायव्हर त्याला ओळखत होते. बंदरात रोज त्याच्याशी भांडायचे. त्या दिवशी कोणी भांडलं नाही. एकेकाने ट्रेलर डावीकडे दाबला, चाकं मातीत गेली तरी. हिराबाय खिडकीतून हात जोडत होती आणि शिव्याही देत होती, हे रोशनने मला मागाहून सांगितलं.

ते आले तेव्हा पोटावर पट्टा लावला. मुलाचे ठोके होते. पण मध्येच खाली जात होते, वर यायला वेळ घेत होते. कागदावर रेघ निघते तिला दरी पडली की बाईंचा जबडा आवळतो, मी ओळखते. "घ्या आत," बाई म्हणाल्या.

अकराच्या पुढे मुलगी बाहेर आली. लगेच रडली नाही. मी ट्रे हातात घेऊन उभी. वार घ्यायची होती, पण मी मुलीकडे बघत होते. मुलांच्या डॉक्टरांनी तिची पाठ चोळली, नळीने तोंड साफ केलं. मग एक बारीक, चिडका आवाज आला. मी ट्रेकडे बघितलं. वार सहाशेच्या आसपास. एका कडेला थोडी फिकट, बाकी ठीक. पूर्ण होती.

मुलगी दोन किलो नऊशे. हिराबायला बाहेर दाखवली तर म्हणाली, "एवरीशीच?"

"एवढीशीच. आणि जिवंत."

पण काम संपलं नव्हतं. पोटात असताना मुलाला आईची जादा साखर मिळत असते आणि मूल त्या हिशोबाने इन्सुलिन बनवत असतं. नाळ कापली की साखर येणं एकदम बंद होतं, मुलाचं इन्सुलिन मात्र चालूच राहतं. मग त्याची साखर घसरते. फार घसरली तर मूल थरथरतं, झटके येतात, मेंदूला इजा होते. म्हणून टाचेला बारीक सुई टोचून थोड्या थोड्या वेळाने साखर बघायची आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायचं.

पहिला आकडा छत्तीस आला. मुलांचे डॉक्टर म्हणाले, आधी पाजा, मग पुन्हा बघू, नाही चढला तर सलाइन. दर्शना कमरेखाली बधिर, उठता येत नव्हतं. मी मुलीला आडवी धरून लावली. चीक निघाला, थेंब थेंब. मुलगी चोखायची, झोपायची. मी तळपायाला टिचक्या मारायची, जागं करायची. हिराबायने पदराआडून मधाची बाटली काढली. मी नुसता हात पुढे केला. तिने बाटली माझ्या हातात ठेवली.

दुसरा आकडा बेचाळीस. तिसऱ्याला वेळ होता. सिस्टर म्हणाली, मी येते पाच मिनिटांत.

खोलीत आम्ही चौघी. मुलगी आईच्या काखेत. हिराबाय खिडकीशी. मी उभी. मला बसता येत नव्हतं.

दर्शना म्हणाली, "मावशी, त्याची पण साखरच होती का? पहिल्याची?"

"हो."

"मग मी तर एक दाणा नव्हता खाल्ला."

दारातून कोणी येईल, असं मला वाटलं. कोणी आलं नाही.

"गूळ खाल्लास," मी म्हटलं. "गूळ म्हणजे साखरच. खीर, चिकू, शहाळं, सगळं तेच. मी तुला साखर बंद म्हटलं, गूळ बंद म्हटलं नाही. घाई होती. मग डॉक्टरबाईंनी विचारलं तर मी सांगितलं, ही पथ्य पाळते. म्हणून सुई आठवडाभर लांबली. त्या आठवड्यात तो गेला."

"तुमाला कदी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. चहाच्या वासावरून."

"दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

हिराबाय खिडकीपासून पुढे आली. "म्हंजे मी घातलेला गुल? माझे हातचा?"

"तू घातलास कारण मी सांगितलं नव्हतं. तुझा दोष नाही."

हिराबायने पलंगाची दांडी धरली. दर्शनाने तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत मी तिला सासूकडे सरळ बघताना पाहिलं नव्हतं.

"आई, तुमी लग्नाघरात, बारशाला, सगल्यांपुढे बोल्लाव माझे पायगुण म्हणून. मला पण वाटाया लागला व्हता माझेच हायेत." आवाज चढला नव्हता. "आणि मावशी, तुमी पट्टा बांधत व्हत्याव तवा पण ऐकलाव. मी बघितला तुमाला ऐकताना."

"ऐकलं," मी म्हटलं.

सिस्टर आली. टाच पुसली, टोचली, थेंब पट्टीवर घेतला. मुलगी किंचाळली. आम्ही तिघी त्या एवढ्याशा मशीनकडे बघत होतो.

"अठ्ठावन्न," सिस्टर म्हणाली. "छान. पाजत राहा."

हिराबायने नाकाला पदर लावला. मी मुलीला उचलायला हात पुढे केले. दर्शनाने मुलीला स्वतःच ओढून जवळ घेतलं. टाके ओढले असणार, तोंड वाकडं झालं, पण घेतलं.

"आई, तुमी जरा बाहेर बसा," ती म्हणाली.

हिराबाय निघाली.

"तुमी पण, मावशी."

बाहेर बाकडं आहे, नातेवाईक बसतात ते. तीस वर्षांत मी त्यावर बसले नव्हते. आम्ही दोघी बसलो. हिराबायचे हात मांडीवर होते, लावणी केलेले हात. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बोलवंल का आपल्याला आत?"

"माहीत नाही."

आतून मुलगी रडली. जोरात, चांगली रडली. मी उठणार होते. मग रडणं मध्येच थांबलं. तसं थांबलं म्हणजे मूल अंगावर लागलं, हे मला दाराबाहेरूनही कळतं. मी उठले नाही.